सशांचं माहेर

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा ससे बोलत असत, असं म्हणतात. या गोष्टीतले मात्र बोलत नाहीत, कारण त्यांच्या वाटणीचंही घरातल्या सासूबाईच बोलत.

डोंगराच्या पायथ्याशी सासूबाईंचं घर होतं आणि त्या घराची चूल सशांच्या लोकरीवर चालायची. ससे पांढरेशुभ्र, अंगाने दांडगे, लोकर वीतभर लांब. सासूबाईंना त्यांचा कोण अभिमान! अडचण एकच होती. त्या पांढऱ्या सशिणी व्यायल्या की पिल्लांकडे ढुंकूनही पाहत नसत, आणि निम्मी पिल्लं थंडीने गारठून मरत.

त्या घरात डोंगरमाथ्यावरच्या गावची सून आली. तिकडच्या रीतीप्रमाणे तिने आंदण म्हणून सशिणी आणल्या, तपकिरी आणि एवढ्याएवढ्याशा. “हे ससे आहेत की उंदीर?” सासूबाईंनी विचारलं. सून नुसती हसली. या सशिणी व्यायच्या आधी आपल्याच छातीची लोकर उपटून पिल्लांसाठी बिछाना करतात, हे तिला ठाऊक होतं. तिने त्यांची जोडी पांढऱ्या नराशी लावली.

पिल्लं झाली आणि घर हरखून गेलं. अंगाने दांडगी, लोकरीने भरलेली, आणि सगळीच्या सगळी जगलेली. ती आमच्या पांढऱ्यावर गेली, असं सासूबाई गावभर सांगत सुटल्या. एखादं पिल्लू भावंडाला चावलं, तर तेवढं ते सुनेच्या माहेरावर गेलेलं असे.

पिल्लं मोठी झाली तशी सासूबाईंनी हिशेब मांडला. आता यांच्यातच जोड्या लावू, तपकिरी उंदरांना फुकटचा पाला कशाला? सुनेने परोपरीने विनवलं, पण सशिणी टोपलीत बसून माहेरी परत गेल्या. आपल्यालाच घराबाहेर काढल्यासारखं सुनेला वाटलं. ती त्या दिवशी जेवली नाही.

पुढची पिल्लं मात्र एकसारखी निघेनात. एक गुबगुबीत, तर एक मूठभर. कुणाला लोकरच नाही, तर कुणाच्या आईला पिल्लांची आठवण नाही. ऐन थंडीत पिंजरे रिकामे होऊ लागले आणि चुलीचं कसं होणार, याची सगळ्यांना काळजी पडली. सासूबाईंनी पांढऱ्या नराला खूप सुनावलं. तो शांतपणे पाला खात राहिला.

शेवटी सासूबाई गुडघ्यांवर हात ठेवत डोंगर चढून गेल्या. सुनेच्या आईने पाट मांडला, गरम दूध दिलं आणि काहीच विचारलं नाही. तेच सासूबाईंना फार लागलं.

“विहीणबाई,” त्या म्हणाल्या, “अंगलोट आमच्या सशांची होती. पण पिल्लं जगली ती तुमच्या सशिणींमुळे. मी हे कधी बोलले नाही.”

“सशिणी खुशाल न्या,” विहीणबाई म्हणाल्या. “पण हे मला कशाला सांगता? जिला सांगायचं, ती खाली तुमचे पिंजरे झाडते आहे.”

सशिणींची टोपली घेऊन सासूबाई खाली उतरल्या. जिथे जिथे त्यांनी बढाई मारली होती, त्या प्रत्येक दारात त्या सुनेचा हात धरून गेल्या आणि खरं काय ते सांगून आल्या. सून लाजून चूर झाली. पिंजरे पुन्हा भरले. तेव्हापासून त्या घरात पांढरे आणि तपकिरी, दोन्ही ससे सारख्याच मायेने जपले जाऊ लागले.

तात्पर्य: दोघांच्या गुणांतून जे चांगलं निपजतं, त्याचं श्रेय एकट्याने घेऊ नये; दुसऱ्याला दूर लोटलं की त्याचा गुणही त्याच्याबरोबर निघून जातो.