सर्जेरावाने फोल्डर जागेवर ठेवला

एका गावात एक भोळा कारकून होता. नाव सर्जेराव. आवटीसाहेबांच्या लोणच्याच्या कारखान्यात तो कॉम्प्युटरवर बसायचा. माणूस अगदी गुणी. सांगितलेलं लगेच मनावर घ्यायचा, आणि तिथेच सगळं बिघडायचं.

आवटीसाहेबांचं लग्न जमत नव्हतं. चाळिशी आली तरी बिचारे एकटेच जेवत. आता निपाणीचं एक स्थळ आलं होतं. आपला फोटो चांगला येत नाही म्हणून साहेबांनी फोटो पाठवलाच नव्हता. रविवारी मुलगी बघायला जायचं होतं. हे तरी जमू दे, म्हणून ते रोज देवाला हात जोडत.

त्याच आठवड्यात कारखान्याचं सॉफ्टवेअर रुसलं. 'फोल्डर सापडत नाही' म्हणून अडून बसलं. कॉम्प्युटर आवरताना सर्जेरावाने बिलांचा फोल्डर भलतीकडे ठेवला होता. त्याने सॉफ्टवेअर कंपनीच्या केतकी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, सॉफ्टवेअर नेमून दिलेल्या जागीच बघतं, तेव्हा जे जिथून हललं ते तिथे परत ठेवा. त्याने ठेवलं. बिलं भराभर निघाली.

सर्जेराव खूश होऊन बाहेर आला. बघतो तर गोदाम रिकामं, बरण्या सगळ्या ट्रकमध्ये. त्याने हमालांना लावून एकूण एक बरणी परत फळीवर ठेवून घेतली. ट्रक रिकामाच सांगलीला गेला.

साहेबांनी कपाळाला हात लावला. सर्जेरावाने पुन्हा केतकी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, जागा बदलली तरी चालतं, फक्त नवीन जागेचा पत्ता पूर्ण द्यायचा. वरून सुरुवात करायची, मधलं काही गाळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब खारातल्या कैऱ्यांच्या हौदात घसरले. पडताना फक्त सर्जेरावाने पाहिलं. सर्जेरावाच्या हाका ऐकून माणसं धावत आली आणि साहेब कुठे आहेत, असं त्याला विचारू लागली.

"महाराष्ट्रात," सर्जेराव म्हणाला.

मग त्याने जिल्हा सांगितला. मग तालुका. तो गावापर्यंत पोचला तोवर साहेब आत चांगले मुरले होते.

शनिवारी पगाराचा फोल्डर उघडेना. 'तुम्हाला परवानगी नाही' असं सॉफ्टवेअर म्हणालं. केतकी मॅडमनी सांगितलं, की तो मालकांनाच उघडता येतो, साहेबांना विचारून त्यांच्या नावाने आत शिरा. सर्जेराव साहेबांच्या नावाने शिरला. फोल्डर मुकाट उघडला. ही युक्ती त्याला फारच आवडली.

रविवारी निपाणीच्या अलीकडे साहेबांची गाडी पंक्चर झाली. जरा उशीर होतोय, एवढा निरोप द्यायला त्यांनी सर्जेरावाला रिक्षाने पुढे धाडलं. दारात मुलीचे मामा उभे होते. ते म्हणाले, आज आवटीसाहेबांशिवाय कोणालाही आत घ्यायचं नाही.

सर्जेरावाने क्षणभर विचार केला.

"मी आवटी," तो म्हणाला.

लगेच आत घेतलं. पोहे आले, मुलगी आली. तिने विचारलं, तुम्हाला राग येतो का. सर्जेरावाने खरं ते सांगितलं, की अजून कधी आला नाही. इतका साधा कारखानदार तिने पाहिलाच नव्हता. तिने होकार दिला, सुपारी फुटली, पेढे वाटले.

तेवढ्यात साहेब घामाघूम होऊन दारात आले. मामांनी त्यांना अडवलं. आवटीसाहेब केव्हाचे आत आहेत आणि लग्नही ठरलं, असं सांगितलं. साहेब रडायचेच बाकी राहिले.

आतून सर्जेरावाने हे पाहिलं. त्याला धन्याची फार दया आली. हातातला पेढा खाली ठेवून तो दाराशी आला आणि हळूच साहेबांच्या कानाशी लागला.

"साहेब, आत सोडत नसतील तर माझ्या नावाने या."