करडमाळची बिनगुळाची खीर

आधीच सांगून ठेवते, पहिला घास तोंडात गेला की चेहरा वाकडा करायचा नाही. मागच्या नाताळला पुण्याचे पाहुणे आले होते. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "ताई, गूळ विसरलात वाटतं." अख्खी पंगत त्याच्याकडे अशी बघायला लागली की बिचाऱ्यानं वाटी चाटूनपुसून साफ केली.

विसरत नाही आम्ही. करडमाळात नाताळच्या पंगतीला पहिला डाव वाढतात तो बिनगुळाच्या खिरीचा. खपली गहू भिजवून, कांडून, शिजवून केलेली, नुसती सपक. ती खायची आणि शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचं, "गोड झालीय." मग दुसऱ्या डावाला गुळाची खीर. ती माझ्या हातची असेल तर तीही गोड म्हणायला थोडं धाडस लागतं, पण ते प्रथेत येत नाही.

हे कुठून आलं म्हणाल, तर मला माझ्या सासूबाईंच्या आत्यानं सांगितलं, तिला तिच्या आजीनं. मधे कुणी काय घातलं, काय गाळलं, देव जाणे.

आमच्या इथं तेव्हा पंधरा-वीस ख्रिस्ती घरं होती म्हणे. गावाबाहेर, माळावर. त्यात उमापांचं घर मोठं मानायचे. मोठं म्हणजे काय, तर त्याला ओसरी होती. घरात मत्तूबाबा उमाप, त्यांची बायको तबीथाबाई, मुलगा शांतवन आणि त्याच वर्षी लग्न होऊन आलेली सून, राहेल.

मत्तूबाबांनी आयुष्यात कशाला चांगलं म्हटलं नव्हतं. पाऊस आला तर उशिरा आला म्हणायचे, लवकर आला तर घाई कशाला म्हणायचे. देवानं सहा दिवसांत जग केलं, हेसुद्धा त्यांच्या मते उरकून टाकलेलं काम होतं. तबीथाबाई तशा नव्हत्या. त्या स्वतःलाच चांगलं म्हणून घ्यायच्या, दुसरं कुणी म्हणत नव्हतं म्हणून. आणि त्यांच्या घराचा एक नियम होता. गावात पूर्वी आपल्या लोकांना कुणी विहिरीला हात लावू दिला नाही, ओंजळीत वरून पाणी ओतायचे. तेव्हा तबीथाबाईंनी शपथ घातली होती म्हणे, "माझ्या दारातून कुणी नुसतं पाणी पिऊन जायचं न्हाई. आधी गुळाचा खडा, मंग पाणी." सून घरात आली तेव्हा उंबऱ्यातच तिला हे ऐकवलं होतं.

त्या वर्षी दुष्काळ पडला. मोठा. ज्वारी जळली, गुरं गेली, लोक खडी फोडायच्या सरकारी कामावर चालत निघाले. राहेलचं माहेरही घराला कुलूप लावून निघून गेलं होतं, कुठल्या कामावर ते कुणाला ठाऊक नव्हतं. आणि इकडे तबीथाबाईंचा हात आखडला होता. भाकरी करपली, घागर फुटली, काही झालं की त्या सुनेला म्हणायच्या, "आता एक जरी चूक झाली, तर माहेरी पोचवून येईन." पोचवणार कुठं? कुलपाला? पण सासूला ते कोण सांगणार. आणि राहेल रात्रंदिवस त्या एका वाक्याला भ्यायची.

नाताळची खीर मात्र व्हायची होती. ती सगळ्या वस्तीची असायची. गहू घराघरातून यायचा, गूळही. उमापांच्या घरी एक मडकं ठेवलेलं असायचं, त्यात येता-जाता ज्यानं त्यानं आपला खडा टाकायचा. दुष्काळामुळे त्या वर्षी मडकं अर्धंच भरलं, पण तेवढ्यात भागेल असं तबीथाबाईंनी बघून ठेवलं होतं. रिवाजाप्रमाणे खीर नव्या सुनेनं करायची.

नाताळच्या आदल्या दिवशी सगळ्या बाया चर्च सारवायला गेल्या. राहेल घरी गहू कांडत होती. ओसरीवर मत्तूबाबा सुजलेला पाय उशीवर घेऊन पडले होते. तेवढ्यात रस्त्यानं माणसं आली. बायका, पोरं, डोक्यावर बोचकी. वरच्या मुलखातून कामावर निघालेली. दारापाशी येऊन एक म्हातारी म्हणाली, "लेकी, पाणी हाय का?"

राहेल म्हणाली, "आमच्या हातचं चालंल का?"

म्हातारी म्हणाली, "आता काय चालायचं राह्यलंय गं?"

झालं. नियम म्हणजे नियम. राहेलनं मडकं उचललं, एकेकाच्या हातावर खडा ठेवला, वर पाणी दिलं. एक टोळी गेली, मागून दुसरी आली. मागच्यांना पुढच्यांनी सांगितलं असणार, त्या घरी नुसतं पाणी देत नाहीत म्हणून. आत्या म्हणायची, तिनं मडक्यात बघितलंच नाही, नुसता हात घालत राहिली. शेवटी बोटं तळाला घासली, तेव्हा कळलं.

सासूला सांगायचं तर ते वाक्य. न सांगायचं तर उद्याची पंगत. तिनं मडकं पालथं घातलं आणि गप्प बसली. मी असते तर गूळ मांजरानं खाल्ला म्हणून सांगितलं असतं. पण मी उमापांची सून नव्हते.

नाताळच्या दिवशी सगळे उपासनेला गेले. राहेल एकटी चुलीपाशी खीर ढवळत राहिली. गाणी माळावर ऐकू येत होती. उपासना सुटली, लिंबाखाली पंगत बसली. खीर वाढून झाली, प्रार्थना झाली. पहिला घास मानाचा, तो मत्तूबाबांचा. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत थांबले, कारण आता ते काय नाव ठेवतात ही पंगतीची दरवर्षीची करमणूक होती.

मत्तूबाबांनी घास घेतला. चावला. गिळला. हातात हंडा धरून उभ्या असलेल्या सुनेकडे बघितलं.

"गोड झालीया," मत्तूबाबा म्हणाले.

मग शेजारच्या लुकानं घास घेतला. जीभ सगळ्या वस्तीत तिखट, तो ऐकून घेणारा नव्हता. तोंड उघडलं, आणि मिटलं. कारण त्यानं दर खेपेला मडक्यात टाकलेला खडा चिंचोक्याएवढा होता. एवढ्या मोठ्या मडक्यात कुणाला कळतंय, असं म्हणून. आता खीर सपक लागली म्हणजे आपलीच चोरी उघडी पडली, असं त्याला वाटलं. "व्हय की. गोड झालीया!" तो ओरडलाच. त्याच्या पलीकडच्यानंही तेच म्हटलं, त्याच्या पलीकडच्यानंही. त्या साली सगळ्यांचेच खडे चिंचोक्याएवढे होते, आणि जो तो आपल्यालाच चोर समजत होता. "लई गोड!" "अशी कधी खाल्ली न्हाई!"

राहिल्या तबीथाबाई. त्या वाढायला होत्या, शेवटी बसल्या. त्यांनी अर्धं भरलेलं मडकं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, त्यामुळं त्यांना फसवणं शक्य नव्हतं. त्यांनी घास घेतला आणि हात तसाच वाटीत राहिला. सून खाली बघून उभी. शांतवनला काही कळत नव्हतं, मुलग्यांना तसंही कळत नाही.

तबीथाबाई आधी नवऱ्याकडे वळल्या. "जल्म गेला माझा चुलीपाशी. मला कधी म्हणला न्हाईत, गोड झालीया म्हणून."

मत्तूबाबा म्हणाले, "तुला कुणी माहेरी पोचवणार नव्हतं."

असं म्हणाले म्हणे. ओसरीवर पडून ते झोपले नव्हते, हे तेव्हा राहेलला कळलं.

तबीथाबाईंनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, वाटी संपवली. आणि सुनेला म्हणाल्या, "जरा जास्तीच गोड झालीया गं. म्होरल्या बारीला हात आवर." आणि तिला हाताला धरून शेजारी बसवलं, स्वतः उठून तिला वाढलं.

आता इथं दोन मतं आहेत. आमचे पाळकसाहेब म्हणतात, तबीथाबाईंच्या तोंडात ती खीर खरंच गोड झाली. आत्या म्हणायची, कसली गोड, आदल्या दिवशी चर्चवरून परत येताना वाटेत तबीथाबाईला ती टोळी भेटली होती. पोरांच्या हनुवट्या गुळानं चिकट झालेल्या. म्हातारी तिच्या घराचं नाव काढून दुवा देत होती. तिला रात्रभर सगळं ठाऊक होतं. मग ती पंगतीला बसली ती सुनेला हाकलायचं ठरवून, की न हाकलायचं ठरवून? ते आत्यालाही माहीत नव्हतं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुला सासू हाय ना, तूच सांग."

मला चमत्कार विचाराल तर तो मत्तूबाबांचा. त्या माणसाच्या तोंडून 'गोड' निघालं, यापुढे पाण्याचा द्राक्षारस झाला तरी मला नवल वाटणार नाही.

आजही करडमाळात सासवा-सुनांची भांडणं होतात, चांगली जोरात, माळाच्या त्या टोकाला ऐकू जातील अशी. माझ्या सासूबाईंनी माझ्या भाकरीला, चालण्याला, हसण्याला, सगळ्याला नावं ठेवली. एकदा रागाच्या भरात "आता तुला मी" एवढं म्हणाल्या आणि थांबल्या. पुढचं वाक्य या गावात कुणी उच्चारत नाही. दोघी तशाच उभ्या होतो. मग त्याच म्हणाल्या, "तोंड काय बघतीस, चहा टाक."