सतरा हात उघडा कठडा

ही गोष्ट घाटातल्या शेलार आबांकडून ऐकली त्याला साठ वर्षे झाली. त्यामुळे नावागावात चूक नसेलच, असे छातीठोकपणे सांगवत नाही. शिवदऱ्याच्या घाटात शेवटच्या वळणावर दगडी कठडा एकाएकी थांबतो, सतरा हात दरी उघडी राहते आणि पुढे कठडा पुन्हा सुरू होतो. एवढे मात्र कुणीही जाऊन पाहावे. ती जागा उघडी का, असे प्रवाशांनी विचारले की आबा आधी त्यांना दरीपासून दोन पावले मागे घेत आणि मग सांगू लागत.

फार पूर्वी या घाटाला कठडाच नव्हता. एका सालात नऊ गाड्या दरीत गेल्या, असे सांगतात. तेव्हा देशमुखांनी नियम केला. उतरणाऱ्या प्रत्येक गाडीने मागे लाकडाचा ओंडका साखळीने बांधायचा. तो फरफटत येतो, म्हणून गाडी बैलांच्या अंगावर जात नाही. ओंडके घाटमाथ्यावर फुकट मिळत. तरीही जो बांधणार नाही, त्याने दंड म्हणून सात घडीव दगड आणून कठड्यात बसवायचे. नियम राखायला धाकू शेलार याला मेटकरी, म्हणजे घाटाचा चौकीदार, नेमले. दर दंडामागे त्याला दोन पायली धान्य ठरले.

पहिली दोन वर्षे कठडा भराभर वाढला. दोन्ही टोकांकडून काम आले. धाकूच्या घरी कणगी भरली. तिसऱ्या वर्षी मात्र गाडीवाले शहाणे झाले. वर पोचले की न सांगता ओंडका बांधू लागले. दंड थांबला, दगड थांबले, कणगीचा तळ दिसू लागला. धाकूच्या बायकोने नाचणीच्या पेजेत पाणी वाढवले, पण ती काही बोलली नाही. त्याचेच त्याला जास्त लागले.

दसऱ्याला देशमुख घाट पाहायला येणार होते. कारभारी अंताजीपंत आधीच येऊन उघड्या जागेपाशी उभे राहिले.

“अर्धे ओंडके झाडीत टाक, धाकू,” ते म्हणाले. “बाजाराची घाई असते. लोक तसेच उतरतील. दहा दंड झाले की कठडा मिटला. तुझीही चूल पेटेल.”

“आणि त्या दहांतली एक खाली गेली, तर तिचे दगड कुणाकडून घ्यायचे, पंत?”

“तू मेटकरी आहेस की गाडीवाल्यांचा जावई?”

दंडाशिवाय धान्य मिळणार नाही, असे बजावून पंत गेले. तेव्हा म्हणे धाकूने भैरोबाला हात जोडून नेम केला, की ही जागा दगडाने भरत नाही तोवर मी भरीन. त्या दिवसापासून गाडी वळणाला आली की तो दरीकडे पाठ करून त्या सतरा हातांत उभा राही आणि बैलांना आतल्या अंगाने वळवी. पोट खपाटीला गेले, पण एकाही बाजाराला तो चुकला नाही. मग गाडीवाले जाताना मूठभर धान्य त्याच्या पायाशी ठेवू लागले.

दसऱ्याला देशमुख आले. कठडा अपुरा पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. पंतांनी सांगितले, दंडच आला नाही. देशमुखांनी धाकूला विचारले, यंदा दरीत गाड्या किती गेल्या?

“एकही नाही, धनी.”

देशमुखांनी खाली दरीत पाहिले. मग म्हणाले, “हा कठडा असाच राहू द्या. इथे मेटकरी उभा राहील. त्याचं धान्य वाड्यातून द्या. दंड येवो न येवो.”

आजही बाजाराच्या दिवशी शेलारांच्या घरचे कुणीतरी त्या उघड्या जागेत उभे असते. ट्रकवाले तिथे गिअर उतरवतात आणि मूठभर धान्य ठेवून पुढे जातात.

देशमुखांचे ते बोलणे मात्र फार गोड वाटे. ऐकणाऱ्यांसाठी आबांनीच जोडले असावे, अशी शंका कित्येक वर्षे मनात होती. पुढे देशमुखांच्या वंशजांनी जुने दप्तर उघडले, तेव्हा त्यात मोडी लिपीतला एक कागद सापडला. दोन जाणकारांकडून तो वेगवेगळा वाचून घेतला. दोघांनीही तेच वाचले: ‘शिवदरा घाट. दंडाची जमा काही नाही. मेटकरी धाकू शेलार यास सालीना धान्य बारा मण. चालवीत जाणे.’