हक्काचा गरुड

एका तालुक्याच्या गावी एक चष्मेवाला राहत होता. त्याचं नाव हेरंब. आठवडाभर लोकांचे डोळे तपासावेत, त्यांना चष्मे करून द्यावेत आणि सुटीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून रानात जावं, असा त्याचा शिरस्ता होता. सुरुवातीला तो पाखरं बघायला जात असे. पुढे फोटो काढायला जाऊ लागला. त्याच्याही पुढे मोजायला जाऊ लागला, आणि तिथेच घात झाला.

त्या भागात अशी मोजणी करणाऱ्या हौशी मंडळींचा एक गटच होता. त्यांचा नियम सोपा. एक जानेवारीला प्रत्येकाची यादी कोरी. मग वर्षभरात जितक्या जातींच्या रानपाखरांचा फोटो मिळेल, तितका तुमचा आकडा. एका जातीला एकच गुण. म्हणजे एकदा फोटो मिळाला की त्या पाखराशी असलेलं काम संपलं. वर्षाअखेरीस ज्याचा आकडा मोठा त्याला शाल आणि नारळ, आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा शून्यावर. घाण्याचा बैल गोल गोल फिरतो, पण त्यातून निदान तेल तरी निघतं. इथे काय निघत होतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

हेरंबला तीनशेचा ध्यास लागला होता. दरवर्षी त्याची गाडी तीनशेच्या अलीकडे अडायची. गटातले फडतरे वकील मात्र मागेच तीनशे ओलांडून बसले होते. भेटले की पाठीवर थाप मारून विचारायचे, "काय हेरंब, यंदा तरी?" ती थाप हेरंबला आठवडाभर दुखायची.

त्याच्या दुकानाच्या भिंतीवर पाखरांचे फोटो लावलेले होते. सगळे त्याने स्वतः काढलेले. एक मात्र कॅलेंडरातून कापून चिकटवलेला होता. लांब पिवळी चोच, चोचीवर उलट्या होडीसारखं शिंग, काळे-पांढरे पंख. पुस्तकात त्याला महाधनेश म्हणतात. तो हेरंबला कधीच मिळाला नव्हता.

एक दिवस घाटाखालच्या वाडीतली द्वारकाबाई नावाची एक विधवा दुकानात आली. तिच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती. भिंतीवरच्या फोटोंवरून नजर फिरवता फिरवता ती त्या कॅलेंडरापाशी थांबली.

"ह्यो तर आमच्या परड्यातला गरुड," ती म्हणाली. घाटाखाली महाधनेशाला गरुडच म्हणतात.

हेरंबने आजवर सख्ख्या मामालाही चष्मा फुकट दिला नव्हता. द्वारकाबाईला दिला. लांबचं बघायचा, चांगल्या काचांचा, डबीसकट. डबीवर दुकानाचा फोन नंबर छापलेला होता. ती बापडी आशीर्वाद देऊन गेली, आणि पुढच्याच सुटीला हेरंब तिच्या अंगणात हजर झाला.

घरामागच्या परड्यात बेहड्याचं जुनं झाड होतं. दोन माणसांनी हात धरले तरी कवेत येणार नाही असं. उंचावर खोडात एक ढोली होती. गरुडाची मादी त्या ढोलीत शिरून बसली होती आणि तोंड तिने आतून लिंपून घेतलं होतं. चोच बाहेर येईल एवढीच उभी फट ठेवलेली. अंडी घालून पिल्लं मोठी होईतो ती आतच राहते. आत तिची पिसं झडतात, उडता येत नाही. नर दिवसभर वडा-उंबराची फळं गळ्यात साठवून आणतो आणि एकेक करून फटीतून भरवतो. तो आला नाही तर आतल्या जिवांना दुसरं कुणी नाही.

हे सगळं हेरंबने पुस्तकात वाचलं होतं, पण पुस्तकात नसलेली एक गोष्ट द्वारकाबाईने त्याला सांगितली. परडं सामाईक होतं. तिच्या दिराला झाड लाकडाच्या ठेकेदाराला द्यायचं होतं. तिने कुऱ्हाडीपुढे उभं राहून ते वाचवलं होतं. शेवटी गावकीने तोडगा काढला. गरुड येतोय तोवर झाडाला हात लावायचा नाही, पण तो यायचा बंद झाला की दिराचा मार्ग मोकळा. नवरा गेल्यापासून त्या घरात तिची सोबत म्हणजे हे झाड आणि त्यावरचं जोडपं. मूलबाळ नव्हतं. मादी बाहेर आली की ही इकडे गोडाचं करून खायची.

"फोटो काढा," ती म्हणाली. "पण हितं गरुड हाय ह्ये कुनाला कळता नये. लय माणसं आली तर नर बुजतो. झाडावर हात ठेवून सांगा."

हेरंबने झाडावर हात ठेवला. कुणाला कळणार नाही, असं शब्दावर शब्द देऊन सांगितलं. मग पडवीच्या आडोशाला बसून त्याने फोटो काढला. मोठ्या पंखांचा घोंघावणारा आवाज करत नर आला, फटीशी चिकटला आणि तांबडं उंबर आत दिलं. फोटो इतका सुरेख आला की हेरंबच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. माणूस मुळात वाईट नव्हता, हे इथे सांगितलं पाहिजे. वाईट नसलेली माणसंच तर असली कामं करतात.

मार्च सरत आला. थंडीतले पाहुणे पक्षी परतू लागले. त्यांतला काळा करकोचा हेरंबच्या यादीत अजून नव्हता आणि तो निघून गेला की वर्षभराची वाट. तो कुठे उतरतो ते एकट्या फडतरे वकिलांना माहीत होतं.

या गटात जागांची अदलाबदल चालायची. तू तुझी दाखव, मी माझी दाखवतो. फडतरेंनी हेरंबचा गरुडाचा फोटो पाहिलेला होता.

"करकोचा तुझा," ते म्हणाले. "गरुड कुठे आहे तेवढं सांग."

"शब्द दिलाय मी," हेरंब म्हणाला.

"मग पाळ की. करकोचा काय, पुढच्या वर्षीही येईल."

हेरंबने एक रात्र कशीबशी काढली. सकाळी त्याने फडतरेंना फोनवरून नकाशातली खूण पाठवली. तोंडातून एक अक्षर काढलं नाही. त्यामुळे आपण कुणाला काही सांगितलं असं होत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. मनाला वकील लागत नाही, ते आपली बाजू आपणच मांडून मोकळं होतं.

फडतरेंनीही तो गरुड फुकट ठेवला नाही. त्याच्या बदल्यात त्यांनी एक घुबड मिळवलं. घुबडवाल्याने गरुड आणखी दोघांना दिला. चार-आठ दिवसांत बेहड्याखाली जत्रा भरली. पहाटेपासून गाड्या लागायच्या. कुणी हिरव्या कापडाचा तंबू ठोकला. कुणी फट नीट दिसावी म्हणून आडवी येणारी फांदी छाटली. एकाने तर फोनवरून गरुडाची हाक वाजवली, नर यावा म्हणून. द्वारकाबाई हात जोडून सगळ्यांना सांगत होती. सगळे तिच्याशी अगदी आदराने बोलत होते. "मावशी, पाचच मिनिटं," असं प्रत्येक जण म्हणत होता, आणि प्रत्येकाची पाच मिनिटं संपली की पुढचा येत होता.

नर दूरच्या आंब्यावर बसून राहायचा. गळा फळांनी फुगलेला. झाडाकडे झेपावायचा आणि माणसं दिसली की वळून जायचा. नव्या चष्म्यातून द्वारकाबाईला हे सगळं लख्ख दिसत होतं.

तिने डबीवरचा नंबर लावला. त्या वेळी हेरंब एका तलावाच्या काठी चिखलात पोटावर पडला होता. समोर काळा करकोचा उभा होता. खिशातला फोन थरथरला. त्याने तो बंद केला. करकोच्याचा फोटो मिळाल्यावरच उलट फोन लावला.

"तुमची माणसं आल्यात," द्वारकाबाई म्हणाली. "नर दोन दीस खाली उतरला नाय. तुमी येऊन त्यांना उठवा. तुमचं ऐकतील."

ऐकलं असतं. हेरंब गेला असता, हात जोडून उभा राहिला असता, तर सगळे नाही तरी निम्मे उठले असते. तेव्हा अजून वेळ होती. पण उठवायला जायचं म्हणजे जागा आपण फोडली हे द्वारकाबाईच्या तोंडावर कबूल करणं आलं. शिवाय गटाला दुखवलं की पुढच्या जागा मिळायच्या नाहीत, आणि तीनशेला अजून बराच पल्ला होता.

"येतो उद्या," तो म्हणाला.

तो उद्या काही उगवला नाही. द्वारकाबाईने पुन्हा फोन केला नाही.

सगळ्यांचे फोटो काढून झाले तशी जत्रा उठली. एका जातीला एकच गुण, मग थांबायचं कशाला? झाडाखाली सामसूम झाली. नर एकदा आला, फटीशी चिकटला, चोच आत घालून कितीतरी वेळ थांबला. आतून चोच पुढे आली नाही. तोंडातलं उंबर खाली पडलं. तो गेला तो परत आला नाही. मग द्वारकाबाईला खोडावरून फटीकडे जाणारी मुंग्यांची रांग दिसली. तीही नव्या चष्म्यातूनच दिसली. त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही.

दिराने गावकीला बोलावलं. गावकीने वर पाहिलं आणि माना खाली घातल्या. पावसाआधी झाड ट्रकमध्ये चढलं.

इकडे हेरंबने डिसेंबरात तीनशे गाठले. सत्कार झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला. मागच्या मोठ्या फलकावर उंबर भरवणाऱ्या गरुडाचा त्याचाच फोटो होता. "निसर्गावर प्रेम करावं तर असं," असं फडतरे भाषणात म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हेरंबनेही वाजवल्या.

एक जानेवारीला यादी पुन्हा कोरी झाली. हेरंब निर्धास्त होता. अवघड पक्षी पुढे बघू, गरुड तर आपल्या हक्काचा, असा त्याचा हिशेब. माघात तो घाट उतरून वाडीत गेला. जाताना बाईसाठी पेढेही घेतले.

अंगणात पाऊल टाकताच त्याला चुकल्यासारखं वाटलं. परड्यात नको इतकं ऊन होतं. बेहड्याच्या जागी जमिनीलगत एक रुंद बुंधा होता आणि त्यावर द्वारकाबाईने मिरच्या वाळत घातल्या होत्या. ती पायरीवर बसली होती. डोळ्यांवर चष्मा नव्हता.

"काकू, गरुड?" हेरंबच्या तोंडून एवढंच निघालं.

"आत मेली. पिल्लांसकट."

हेरंबने पेढ्यांची पुडी पायरीवर ठेवली. मग म्हणाला, "मी तोंडाने कुणाला सांगितलं नव्हतं, काकू."

"नसाल सांगितलं," ती शांतपणे म्हणाली. "हात तुमी झाडावर ठेवला होता. आता झाडच नाय, तर शपथ कुठली ऱ्हायला. तुमी सुटलात."

ती आत गेली आणि डबी घेऊन आली. आत चष्मा पुसून, नीट घडी घालून ठेवलेला होता.

"ह्यो घ्या. लांबचं बगाया दिला होतात. आता लांब बगावं असं हितं काय ऱ्हायलं नाय. जवळचं मला दिसतंय."

तिने डबी त्याच्या हातात दिली. पेढ्यांच्या पुडीकडे पाहिलंही नाही. शिव्या दिल्या असत्या तर हेरंबला बरं वाटलं असतं. ती पायरीवर बसून पुन्हा मिरच्या राखू लागली.

हेरंब गाडीत बसला. डबी शेजारच्या सीटवर ठेवली. घाट चढताना त्याला दोनदा रडू आलं. ते खरं रडू होतं.

घाटमाथ्याजवळ विजेच्या तारेवर एक कोतवाल पक्षी बसला होता. साधाच, वर्षभर कुठेही दिसणारा. पण नव्या वर्षाच्या यादीत तो अजून नव्हता. हेरंबने डोळे पुसले, गाडी कडेला घेतली आणि काच खाली करून कॅमेरा उचलला.

तात्पर्य: आकडा दरवर्षी शून्यापासून पुन्हा मांडता येतो. मोडलेला शब्द आणि मोडलेलं घर मात्र कोणत्याही एक जानेवारीला पुन्हा सुरू होत नाही. ज्याला हे रडूनही कळत नाही, त्याच्या डोळ्यांना कुठलाच चष्मा लागू पडत नाही.