नाकासमोर बघणारा ट्रायपॉड

दोष म्हाताऱ्या ट्रायपॉडचाच होता. रोलच्या कॅमेऱ्यांच्या काळात एका स्टुडिओत त्याचं राज्य होतं. अंगातला लेव्हलचा बुडबुडा मधोमध आल्याशिवाय तो कॅमेऱ्याला फोटो काढू देत नसे.

एकदा फोटोग्राफरने दोघांना मल्लखांबाच्या स्पर्धेला नेलं. तिथे वैजू खांबावरून आडवी झेपावत होती. रोलमध्ये एकच फोटो उरला होता.

कॅमेरा ट्रायपॉडला म्हणाला, "आजोबा, मला तिरका करा. सरळ फोटोत वैजू खुंटीला टांगलेल्या पिशवीसारखी दिसेल. तिरक्यात उडेल."

"नाकासमोर बघ! आमच्या वेळी..."

"तुमच्या वेळची माणसं फोटोत मेल्यासारखी उभी आहेत!"

कॅमेऱ्याने स्वतःच स्क्रू ढिला केला आणि फोटोग्राफरच्या हातात जाऊन तिरका झाला.

स्टुडिओच्या काचेत वैजू अजून उडते आहे. ट्रायपॉडचा बुडबुडाही अजून मधोमध आहे. त्याच्यावर पुन्हा कॅमेरा चढला नाही. आता ओले पंचे वाळतात.