कुलपातली दुरुस्ती

खूप जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राज्याचे नावही आता कोणाला आठवत नाही. तिथे एक मोठे ग्रंथालय होते. कोणी नवी पोथी लिहिली की ती आधी परीक्षक शास्त्रीबुवांकडे जायची. ते चुका काढायचे, लिहिणारा त्या सुधारायचा, आणि सुधारलेली पोथी कडीकुलपात जायची. दरबारी मंडळींशिवाय ती कोणाला पाहायला मिळत नसे. आतले बाहेर सांगणार नाही, अशी शपथ परीक्षकालाही घ्यावी लागे. मोडली तर हद्दपारी. आता कुलपातच ठेवायची, तर इतकी तपासायची तरी कशाला? पण हे कोणी विचारले नाही.

एका वैद्याने तापावरच्या काढ्याची पोथी लिहिली. उत्साहाच्या भरात त्याने कच्च्या पोथीच्या नकला गावोगाव वाटून टाकल्या. शास्त्रीबुवा म्हातारे, पण डोळ्यांत तेल घालून वाचणारे. त्यांनी समासात लिहिले, "काढ्यातल्या बियांची साल विषारी आहे. सोलूनच उकळाव्यात." वैद्याने चूक मान्य केली, पोथी सुधारली आणि तो यात्रेला निघून गेला. सुधारलेली पोथी कुलपात गेली.

महिन्याभराने नदीकाठी तापाची साथ आली. त्या कच्च्या नकला अजून घरोघर होत्या, हे शास्त्रीबुवांना ठाऊक होते. ते ग्रंथपालाकडे धावले.

"कुलूप काढा! ते एक पान गावांना दाखवायला हवं."

"राजाज्ञेशिवाय नाही. दरबार परवा आहे."

"परवापर्यंत माणसं मरतील हो!"

"नियम मी केलेला नाही, शास्त्रीबुवा."

म्हातारा तसाच नदीकाठच्या गावांकडे निघाला. पहिल्याच घरात एक आई तापाने फणफणलेल्या मुलीच्या ओठांना वाटी लावत होती.

"थांब, बाई! बिया सोलल्या होत्यास का?"

"पोथीत तसं लिहिलेलं नाही. बाजूला व्हा बाबा, पोर हातची चाललीय माझी."

"पोथी चुकली आहे. चूक मीच काढली होती."

तिने वाटी खाली घेतली. "मग इतके दिवस कुठं होता?"

शास्त्रीबुवा नुसते हात जोडून उभे राहिले. बाईने वाटी ओतून दिली आणि नव्या बिया सोलायला घेतल्या. मुलगी वाचली.

पुढच्या गावात मात्र ते पोहोचले तेव्हा उशीर झाला होता. दोन घरांत काढा पिऊन माणसे गेली होती.

दरबारात राजाने विचारले, "शपथ का मोडलीत?"

"मोडायला महिना लावला महाराज, त्याची शिक्षा द्या."

राजाने ग्रंथालयाची दारे बिजागऱ्यांसकट उतरवली, आणि यापुढे प्रत्येक दुरुस्तीची गावोगाव दवंडी पिटण्याचा हुकूम दिला. शास्त्रीबुवांना त्याने माफ केले. त्या दोन घरांनी केले नाही, आणि ती मागण्याचा आपल्याला हक्क नाही असे समजून शास्त्रीबुवांनीही त्यांच्याकडे कधी माफी मागितली नाही.

लहानथोरांनो, बोध इतकाच: चूक शोधणे हे अर्धेच काम, दुरुस्ती सगळ्यांपर्यंत पोहोचली तरच ते पुरे होते.