चारची मुलाखत

"उत्तर बरोबर असूनही नाकारतात... असं का, अक्का?"

मठाच्या ओसरीवर चटई टाकून अक्का कापसाच्या वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाला नाकारतात?"

"मला."

विचारणारा शार्दूल. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा. शहरातून मोटारसायकलवर टेकडी चढून आला होता आणि पाठीवरची लॅपटॉपची बॅगही त्याने अजून उतरवली नव्हती. उन्हाळ्यात त्याच्या कंपनीने एका सकाळी निम्मी माणसं कमी केली, त्यांत तो होता. तेव्हापासून तो मुलाखतीच देत होता. आजही चार वाजता एक होती, लॅपटॉपवरच, कुठूनही देता येईल अशी. शेवटची फेरी. इतका पुढे तो पहिल्यांदाच पोचला होता, आणि सकाळपासून त्याला खोलीत बसवत नव्हतं.

अक्कांबद्दल त्याने एवढंच ऐकलं होतं, की त्या उपदेश करत नाहीत. ऐकून घेतात.

"काही कारण सांगत असतील की ते."

"सांगतात. उत्तर आलं, पण तुम्ही विचार कसा करता ते आम्हाला कळलं नाही म्हणतात. तिथे विचार मोठ्याने करायचा असतो, अक्का. प्रश्न सोडवताना तोंड चालू ठेवायचं. गप्प बसलात की संपलं."

"मग शिकलास?"

"शिकलो. आता मला कुणी पकडू शकणार नाही." त्याने बॅग खाली ठेवली. "बहुतेक प्रश्न मला पाठ आहेत. पण तसं दिसू द्यायचं नाही. आधी मुद्दाम लांबची रीत सांगायची. मग थोडं अडायचं. कपाळ चोळायचं. मग एकदम सुचल्यासारखं करायचं."

"आणि नाहीच सुचलं तर?"

"सुचायचं काय त्यात? पाठच आहे."

अक्का हसल्या. "आमच्या गावच्या नाटकवाल्यांनी सोडलं नसतं तुला."

"चेष्टा नका करू, अक्का. रोज सराव करतो मी. खोलीत भिंतीशी बोलत बसतो. शेजारच्या काकूंनी घरमालकाला विचारलं, तो पोरगा बरा आहे ना म्हणून."

...

"आणि घरी?"

"घरी माहीत नाही नोकरी गेल्याचं. आई फोन करते, आज ऑफिसात काय केलंस विचारते. सांगतो काहीतरी. आज नाही झालं, तर मात्र खरं सांगावं लागेल तिला."

अक्कांनी एक वात ताटलीत ठेवली आणि दुसरी घेतली.

"तुमच्यासमोर एकदा करून दाखवू? जिवंत माणसासमोर कधी केलंच नाही."

"दाखव."

शार्दूल ताठ बसला. त्याने शर्टाची कॉलर नीट केली आणि ओसरीच्या खांबावर नजर लावली.

"तिकडे काय बघतोस?"

"कॅमेरा असतो तिथे. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, कॅमेऱ्याकडे बघायचं. म्हणजे त्याला वाटतं, आपण त्याच्याच डोळ्यांत बघतोय."

"बरं."

"समजा, आकड्यांची एक लांब रांग दिली आहे," त्याने सुरुवात केली. "त्यातले दोन असे शोधायचे, की बेरीज शंभर यावी. हं... पहिला आकडा घेऊ. तो बाकीच्या प्रत्येकाशी जुळवून बघू. मग दुसरा घेऊ. पण यात फार वेळ जाईल, नाही का?... थांबा हं. प्रत्येक आकड्याला शंभरासाठी किती कमी पडतं, ते आधीच लक्षात ठेवलं तर? तुम्हाला काय वाटतं?... हो, तसंच करू."

तो अडला, अडखळला, त्याने कपाळ चोळलं. जिथे सुचायचं तिथे सुचलं. आवाज कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा, सगळं जमलं.

"झालं! कसं वाटलं, अक्का?"

त्याने वळून पाहिलं.

चटईवर कुणी नव्हतं. ताटलीत अर्धी वळलेली वात होती.

तो मठाला वळसा घालून गेला. मागच्या दारी, मांडवाखाली उभ्या राहून अक्का वेलाची तोंडली तोडत होत्या.

"अक्का! तुम्ही उठून कधी आलात?"

"तू मला विचारलंस ना, तुम्हाला काय वाटतं म्हणून. तेव्हा."

...

"ते... तसं विचारायचं असतं मध्ये मध्ये," शार्दूल म्हणाला. "समोरच्याला बरं वाटतं."

अक्का तोंडली तोडत राहिल्या.

"तुम्ही ऐकून घेता म्हणून आलो होतो मी." त्याचा आवाज चढला. "तिकडेही कुणी नसतं, अक्का. बरेच जण आपला कॅमेरा बंद ठेवतात. नुसता काळा चौकोन, त्यात नाव. मी बोलत असतो, पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू येते. माझंच काही लिहून घेतायत की स्वतःचं काम उरकतायत, कळत नाही. आणि शेवटी म्हणतात, तुमचा काही प्रश्न?"

"मग काय विचारतोस?"

"तेही ठरलेलं आहे. तुमच्या टीमचं काम कसं चालतं, वगैरे."

"काय सांगतात?"

 

"...आठवत नाही."

तो धुण्याच्या दगडावर बसला. समोर दोरीवर एकच लुगडं वाळत होतं. पायरीवर एक ताट पालथं घातलेलं होतं, शेजारी एक वाटी. तो त्या ताट-वाटीकडे बघत राहिला.

"अक्का..."

"हं."

"इथे तुम्ही एकट्याच राहता?"

"हो."

"एकटं नाही वाटत?"

अक्कांचा हात वेलावरच थांबला.

शार्दूल थांबला. खालच्या रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याचा आवाज विरला. तो अक्कांच्या चेहऱ्याकडे बघत होता.

...

"वाटतं," अक्का म्हणाल्या. "संध्याकाळी फार वाटतं."

त्याने मान डोलावली.

मग त्याच्या खिशातला फोन वाजला. आठवण म्हणून लावून ठेवलेला गजर. तो दचकून उभा राहिला.

"दहाच मिनिटं राहिली! अक्का, मी काय करू? सगळं गेलं डोक्यातून... काय बोलू मी त्यांच्याशी?"

अक्कांनी तोंडल्यांची टोपली कमरेवर घेतली आणि ओसरीकडे बोट दाखवलं.

"जा लवकर. तिकडे चौकोनामागे तो माणूस एकटाच बसला असेल."